वाल्याचा वाल्मीकी झाला, पण खड्यांचं काय?

प्रश्न असा आलाय : फॅनफिक्शनमध्ये, म्हणजे आवडत्या मालिकांतली-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहते ज्या कथा लिहितात त्यांत, 'रिडेम्प्शन आर्क' हा शब्द पदोपदी भेटतो. एक पात्र दुसऱ्याचा छळ करतं, पुढे सुधारतं, आणि ज्याला छळलं तोच शेवटी त्याला जवळ करतो. मराठीत याला 'उद्धार' म्हणावं की 'क्षमा'?

'उद्धार' तर मुळीच नको. एक म्हणजे बोलीत त्याचा अर्थ पार उलटा झालाय. 'सासूने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला' हे वाक्य कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दुसरं म्हणजे पुराणातही हा शब्द वेगळ्याच बाजूला उभा आहे. आपण 'अहल्योद्धार' म्हणतो. कपटाने फसवली गेली ती अहल्या, शिळा झाली तीही अहल्या, आणि उद्धार झाला तोही तिचाच. फसवणाऱ्या इंद्राच्या संदर्भात हा शब्द कुणी वापरत नाही.

आपल्याकडे या प्रकाराला तयार वाक्प्रचार आहे तो 'वाल्याचा वाल्मीकी होणे'. रिडेम्प्शन आर्कला इतका चपखल पर्याय दुसरा नाही. मूळ रामायणात ही गोष्ट येत नाही, ती नंतरच्या ग्रंथांतून आणि कीर्तनांतून आपल्यापर्यंत आली. एक माणूस मारला की रांजणात एक खडा, असे सात रांजण भरतात. मग नारद भेटतो, बायकामुलं पापात वाटेकरी व्हायला नकार देतात, 'मरा मरा'चं 'राम राम' होतं, अंगावर वारूळ चढतं. सगळं घडतं ते वाल्याच्या आत. ज्यांच्या नावाचे खडे पडले त्यांना गोष्टीत तोंडच नाही. फॅनफिक्शनमधली फसलेली रिडेम्प्शन कथा नेमकी अशीच असते. दुष्ट पात्राचं दुःखी बालपण उलगडतं, तो ढसाढसा रडतो, आणि त्याचे डोळे पुसायला लेखक नेमकं ज्याला त्याने छळलं त्यालाच पाठवतो.

आता शब्द नीट वेगळे करू. 'उपरती' म्हणजे मुळात थांबणं. 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारी जळजळ. 'प्रायश्चित्त' आणि 'परिमार्जन' यांत काहीतरी करावं लागतं, भोगावं लागतं, पुसून काढावं लागतं. या चारही गोष्टी अपराधी माणूस एकटा, वारुळात बसूनसुद्धा करू शकतो. समोरचा लागतो तो फक्त 'क्षमा' आणि 'माफी'ला. यातलीही 'माफी' मुळात सूट आहे : कर्जमाफी, फीमाफी. ज्याचं येणं आहे त्याने ते सोडलं, एवढंच. 'क्षमा' मात्र ज्या धातूवरून आली त्याचा अर्थच सोसणं. म्हणून तर पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. 'अपराध पोटात घालणे' हा आपला रोजचा वाक्प्रचार त्याच वळणाचा. सोसायचं आधी, आणि पचवायचंही त्यानेच ज्याने सोसलं. त्याच्या जोडीला 'झालं गेलं गंगेला मिळालं' आहेच, आणि हे वाक्य बहुतेक वेळा ज्याचं काहीच गेलेलं नसतं तो म्हणतो.

म्हणून प्रश्नातल्या गोष्टीला एकच शब्द शोधू नका. एका बाजूची उपरती आणि दुसऱ्या बाजूची क्षमा यांच्यात जी फट असते, चांगलं फॅनफिक्शन तिथेच लिहिलं जातं.

उदाहरण घेऊ ते 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'चं, 2005 ते 2008 मधली अमेरिकन ॲनिमेशन मालिका. तिच्यातल्या राजपुत्र झुकोचं नाव रिडेम्प्शन आर्कच्या चर्चेत हटकून निघतं. तेराव्या वर्षी, युद्धाच्या बैठकीत तोंड उघडलं म्हणून, बापाने त्याचा चेहरा भाजून त्याला हाकलून दिलंय. पुढे त्याने स्वतः इतरांना छळलंय. म्हणजे तो दोन्ही बाजूंना उभा आहे. मूळ मालिकेतच क्षमेचे तीन वेगळे निकाल लागतात. झुको इरोहकाकाची माफी मागायला लागतो तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला मिठीत ओढतो. बापाला तो तोंडावर सांगतो की तू केलंस ते क्रूर होतं, आणि निघून जातो. तिसरा निकाल सगळ्यात बारीक आहे. कटारा ही मालिकेचा नायक अँग याची सोबतीण. तिच्या आईला मारणारा सैनिक आता म्हातारा झालाय, पावसात गुडघे टेकून गयावया करतोय. कटारा बर्फाचे सुळे त्याच्या अंगावर सोडते आणि ऐन वेळी हवेतच थोपवते. अँगला वाटतं हिने क्षमा केली. ती स्पष्ट सांगते, केली नाही आणि कधी करणारही नाही. आणि त्याच दमात, जिचा विश्वासघात झुकोने केला होता ती कटारा झुकोला क्षमा करते. जीव न घेणं आणि क्षमा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या मालिकेने इतकं सरळ मांडलं. फॅनफिक्शनला मग मोकळं रान मिळालं : बापाने नंतर माफी मागितली तर? कटाराने झुकोलाही नाही म्हटलं असतं तर? बहीण अझुला, जी त्याच बापाच्या हाताखाली घडली, तिचं काय? मला स्वतःला अझुलाच्या कथा सर्वांत अवघड आणि म्हणून वाचनीय वाटतात, कारण तिथे दुष्ट कोण हे ठरवून सुटका होत नाही.

या कथा लिहिणाऱ्यांनी आपली परिभाषाही तयार केली आहे. 2009 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या ऑनलाइन संग्रहात हिंसा, बलात्कार अशा गोष्टींचा इशारा द्यावा लागतो, किंवा इशारा देणार नाही असं तरी सांगावं लागतं. त्याखेरीज लेखक मनाने टॅग, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या, जोडतात. बापाचं नाव लिहून पुढे 'ए प्लस पेरेंटिंग', म्हणजे पहिल्या नंबराचं पालकत्व, असं उपरोधाने लिहायची तिथे रीतच आहे. याला मात्र मराठी सहज आहे : 'बापाने लावलेले दिवे'. 'अमुक पात्राला धार्जिणी नाही' अशा अर्थाचा टॅगही दिसतो. इथे त्याला माफी मिळणार नाही, अपेक्षा ठेवू नका, असा तो सांगावा.

'ट्रॉमा' आणि 'अब्यूज' यांना मराठीत काय म्हणावं, असंही विचारलंय. 'आघात' हा शब्द घाव बसण्याचा क्षण दाखवतो, मागे उरलेलं दाखवत नाही. पात्राचं बोलणं चाललं असेल तर 'धसका' लिहा. आणि 'अब्यूज'ला 'अत्याचार' लिहाल तर वाचकाला एकच मोठी घटना दिसेल. घरातल्या घरात, रोजच्या रोज चालणाऱ्याला आपल्याकडे 'जाच' म्हणतात. झुकोच्या बापाला तोच शोभतो.

समीक्षेत 'रिडेम्प्शन आर्क' तसाच ठेवला तरी बिघडत नाही. पण वाक्य मराठी करायचं असेल तर कर्ता सांभाळा : 'त्याला उपरती झाली, त्याने प्रायश्चित्तही घेतलं, तिने क्षमा केली नाही.' 'त्याला क्षमा मिळाली' लिहिलं की देणारी वाक्यातून गळते.

जाता जाता : 'पश्चाताप' नव्हे, पश्चात्ताप. पश्चात् आणि ताप, म्हणून दोन त. प्रायश्चित्तातही चित्त आहे, तिथेही दोन.