डिमेन्शिया झालेल्या आजी मुद्दाम कोपऱ्यात लघवी करतात, कोणता डायपर घ्यावा?

डायपरचं नंतर सांगते. "मुद्दाम" वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. मुद्दाम नसतं हो ते!

माझ्या सासूबाई मोरीत बसायच्या. अख्खा जन्म गावी गेलेला, पांढऱ्या टाइल्समधला पांढरा कमोड त्यांना दिसायचाच नाही, मोरी मात्र ओळखीची. नणंदबाईंचं म्हणणं, आई लक्ष वेधून घ्यायला करते, दुपारनंतर पाणीच देऊ नका. मी माहेरी गेले तेव्हा चार दिवस त्या आल्या होत्या तर खरंच चहाशिवाय काही दिलं नाही, आणि मी येऊन बघते तर सासूबाई रात्रभर मेलेल्या माणसांना हाका मारतायत, ओळख नाही, ताप म्हणाल तर नाही. डॉक्टरांनी लघवी तपासली, इन्फेक्शन. म्हातारपणी इन्फेक्शनने ताप न येताही असा भ्रम होऊ शकतो. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, जळजळते, उलट जास्त वेळा लागते. दिवसा व्यवस्थित पाणी द्या, झोपायच्या आधी दोनेक तास कमी करा, बस.

आम्ही कमोडला लाल सीट बसवली, दार उघडं, रात्रभर लाइट चालू. उठल्यावर, चहा-जेवणानंतर आणि मधे दर दोन तासांनी नुसतं "चला" म्हणायचं. "लागलीय का?" विचारलं की "नाही"च येणार. पदर चाळवायला लागल्या की लगेच उठवायचं. नऊवारी बंद करून गाऊन घातला तर नणंदबाईंनी सगळ्या भावकीत बोंब मारली, आईची रया घालवली म्हणे. अहो काष्टा सुटेपर्यंत थांबतंय कोण? ज्यांना चादरी धुवायच्या नाहीत त्यांनी साडीवर बोलू नये.

हां, डायपर. दिवसा चड्डीसारखा चढवायचा, रात्री टेपवाला, साइझ कंबर मोजूनच घ्या. ओला तसाच ठेवू नका, कातडी सोलते, झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा. गादीवर रबर शीट.

पण अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर. इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, बीपीची लघवी वाढवणारी गोळी, कधी डिमेन्शियाच्याच गोळ्या, काहीही असू शकतं. लघवी आवरायच्या गोळ्या मनाने आणू नका, त्यातल्या काहींनी गोंधळ अजून वाढतो. हार्ट-किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा, माझं ऐकू नका.

आणि फोनवरून कोणी सल्ले द्यायला लागलं तर त्यांना सकाळी सहाला घरी बोलवा, चादरी भिजत घातलेल्याच असतात.