तुमचे प्रश्न : नळाचं पाणी आणि तो पांढरा थर

प्रश्न : ताई, नवीन घरात राहायला येऊन तीन महिने झाले आणि सगळ्या नळांवर पांढरं चढलंय, काचेचे ग्लास कितीही घासा धुरकटच दिसतात, साबणाला फेस म्हणून येत नाही. ओळखीच्या एकांनी टीडीएस मीटर बुडवून बघितलं तर 380 आलं. म्हणजे पाणी फारच हार्ड आहे का?

उत्तर : तुम्ही सांगताय त्यावरून पाणी हार्ड आहे हे जवळजवळ नक्की, पण ते त्या 380 वरून नाही कळत बरं का, आणि हा गोंधळ इतक्या पत्रांत असतो की आज नीट सांगतेच. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर मीठ टाकलं तर आकडा झपकन वर जाईल, पण त्या पाण्याचा हार्डनेस वाढलेला नसतो. हार्डनेस म्हणजे मुख्यतः फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला किती मिलिग्रॅम असा मोजतात. 60 पर्यंत सुफेन, 120 पर्यंत मध्यम, 180 पर्यंत कठीण आणि त्याच्या वर खूपच कठीण, अशी एक नेहमी वापरली जाणारी पट्टी आहे. थेंब टाकून मोजायचं किट मिळतं, पाणी लालसरचं निळं होईपर्यंत थेंब मोजायचे, बास.

किट नसेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, दोन्हीत साध्या साबणाच्या वडीचा सारखाच कीस टाका (डिटर्जंट नको, त्याला हार्ड पाण्यातही फेस येतो) आणि जोरात हलवा. डिस्टिल्डवर फेसाचा जाड थर उभा राहतो, हार्ड पाणी मात्र दुधाळ होतं आणि वर दह्यासारखे कण तरंगतात. साबणावरून हार्डनेस मोजायची रीत जुनीच आहे, स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्क नावाच्या रसायनतज्ज्ञाने ती बसवून दिली, चुना घालून पाणी सुफेन करायचं पेटंटही त्याने 1841 मध्ये घेतलं होतं. बाटलीतले ते कण म्हणजेच बाथरूमच्या टाइल्सवरचा चिकट थर, आणि टॉवेल कडक होतात त्यातही त्यांचा हात असतो.

आता नळावरचं पांढरं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत उतरतं, चुनखडीतून जाताना ती थोडी थोडी विरघळवत येतं. पाणी तापलं की तो वायू निघून जातो आणि विरघळलेली चुनखडी परत दगड होऊन बसते. म्हणून सगळ्यात जास्त मार गिझरला बसतो. आमचा गिझर उघडला तेव्हा मी मुद्दाम बाजूला उभी होते, एलिमेंट बाहेर काढलं तर बोटाएवढ्या जाडीचं पांढरं कवच, पकडीने हलकेच ठोकलं तर पापुद्रे पडायला लागले, एका तुकड्यावर व्हिनेगर टाकलं तर चर्र करून बुडबुडे आले. त्या कवचातून उष्णता पाण्यात लवकर जात नाही, पाणी तापायला वेळ लागतो आणि एलिमेंट आतल्या आत तापून जळतं. तेव्हा पहिलं काम, थर्मोस्टॅट टोकाला असेल तर खाली आणा, कारण 60 अंशांच्या वर थर फार भराभर धरतो, आणि वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. नुसता नळ चकचकीत ठेवून गिझरकडे बघायचंच नाही, असं करू नका.

प्रश्न : आई म्हणते असलं पाणी पिऊन मुतखडा होतो, म्हणून ती पाणीच कमी पिते. खरं आहे का?

उत्तर : आईंना आधी पाणी प्यायला सांगा, अगदी आजपासून! पाणी कमी पिणं हेच मुतखड्याचं मोठं कारण आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणाने कुठली मर्यादा घातलेली नाही. आधी खडा होऊन गेला असेल तर मात्र किती आणि कुठलं पाणी प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. आणि हो, हार्डनेस ठीक आला म्हणजे पाण्यात जंतू नाहीत असं होत नाही, ती तपासणी वेगळी.

प्रश्न : आरओ आहेच, मग सॉफ्टनर कशाला? आणि पाइपवर लावायचं मॅग्नेट चालतं का?

उत्तर : आरओ क्षार काढतो, पण तो स्वयंपाकघरातल्या एका नळापुरता, गिझर आणि वॉशिंग मशीनला त्याचा काही उपयोग नाही. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मणी असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. इथे परत टीडीएसचा घोळ होतो, सॉफ्टनर लावून टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि लोक म्हणतात मशीन चालत नाही! 300 हार्डनेसचं पाणी पूर्ण सुफेन केलं तर लिटरमागे साधारण 140 मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून घरात ब्लडप्रेशरचं कोणी असेल तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्या. मॅग्नेटने कॅल्शियम पाण्यातून कुठे जात नाही, मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही.

प्रश्न : मुलाला एक्झिमा आहे. सॉफ्टनरने बरा होईल का?

उत्तर : त्या आशेने घेऊ नका, मनापासून सांगते. ब्रिटनमध्ये 336 मुलांवर नीट चाचणी झाली, 2011 मध्ये निकाल आला, सॉफ्टनरने एक्झिमात जास्तीचा फरक दिसला नाही. साबण कमी, मॉइश्चरायझर भरपूर आणि त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला.

प्रश्न : शॉवरची भोकं बुजलीत, काय लावू?

उत्तर : पिशवीत व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी भरून शॉवरला बांधा, तासाभराने जुन्या ब्रशने घासा. संगमरवरावर सांडू देऊ नका, तोही चुनखडीचाच, डाग पडतो. आणि त्याच वेळी बाथरूममध्ये ब्लीच वापरू नका, आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.