भुसावळच्या ४५ अंशांत लस पाड्यापर्यंत टिकते का?

प्रश्न रास्त आहे. टिकते, लस नेण्याचा थंड डबा नीट भरला असेल तर. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उपकेंद्राकडे जाणाऱ्या डब्यात चारही बाजूंनी बर्फाचे चार पॅक लावतात.

उन्हापेक्षा जास्त घोळ होतो तो बर्फानेच. फ्रीझरमधला पॅक तसाच ठेवला की पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस-बी या लसी गोठतात आणि कायमच्या वाया जातात. म्हणून पॅकला घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी खळखळतंय का ऐकायचं, मगच भरायचा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे लवकर निघायच्या घाईत नेमकी हीच पायरी सुटते.

नर्सने कुपी उघडण्याआधी पालकांनी तिच्यावरचा रंगीत गोल बघावा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर चालेल; सारखा किंवा गडद झाला तर ती कुपी बाद. मात्र लस गोठली होती का, हे हा गोल दाखवत नाही; तो फक्त उष्णता मोजतो. गोवर-रुबेलाच्या लसीची पूड द्रवात कालवल्यावर ४ तासांत वापरायची, उरलेली टाकायची. सकाळची कुपी संध्याकाळी? स्पष्ट नाही म्हणा.

ही अडचण जुनीच. देवीची लस उष्णतेत मरायची, म्हणून ती बगदाद-बसऱ्याहून मुंबईला एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी टोचत आणली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, भारतातली पहिली. पुढे गोठवून सुकवलेली लस आली, तेव्हा कुठे देवी गावोगाव आटोक्यात आली.