पाकिटावरचा नंबर आणि त्यामागची वही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

गंगापूर रोडच्या सुपरमार्केटवाल्यांनी तुझा चिवडा चाखून ‘सर्टिफिकेटं घेऊन या’ म्हटलं, आणि एक एजंट सगळं एकरकमी करून द्यायला तयार आहे, हे वाचलं. अर्ज भरायला त्याची मदत खुशाल घे. तेलाच्या आणि बॅचच्या नोंदींच्या वह्या मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. तपासणीला येणारा माणूस कढईपाशी उभा राहून तुलाच विचारणार आहे.

आधी जागा ठरव. फूड लायसन्स पत्त्याला बांधलेलं असतं. आज पंचवटीतल्या घरावर काढलंस आणि दिवाळीनंतर अंबडला गाळा घेतलास, तर पुन्हा पहिल्यापासून धावपळ, शिवाय छापलेली पाकिटं वाया. तुझ्याकडे सध्या आहे ती छोट्या धंद्याची नोंदणी, लायसन्स नव्हे. तिचा 14 आकडी नंबर 2 ने सुरू होतो, लायसन्सचा 1 ने. मोठी दुकानं बहुधा लायसन्सच मागतात, म्हणून नेमकं काय हवं ते त्यांच्या खरेदी विभागाकडून लेखी घे. आयएसओ 22000 हे अन्नसुरक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नाही, दुकानाने मागितलं तरच त्यावर पैसा घाल. पाण्याची तपासणी, कामावरच्या बायकांचं दरवर्षीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, पेस्ट कंट्रोलच्या पावत्या ही कामं सरळ आहेत, एका फाइलला लावून टाक.

जीव ओतायचा तो तेलात. तळणाच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल तापून खराब होताना त्यात तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. तेल जितका वेळ तापतं, त्यात पोह्यांची ओल आणि जळका चुरा जितका उतरतो, तितके हे घटक वाढतात. कालच्या तेलात आज ताजं ओतून कढई भरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने तेल नवं होत नाही, ताजं तेलच लवकर खराब होतं. आणि अशा तेलातला चिवडा पहिल्या आठवड्यात छान लागतो, खवटपणा नंतर येतो, म्हणजे नेमका दुकानाच्या फळीवर असताना! हातात धरायचं तेलमापक यंत्र मिळतं, महाग वाटलं तरी घे. रोज किती घाण्यांनंतर किती आकडा आला ते लिही. महिन्याभरात तुझ्या कढईचं गणित तुलाच कळेल: कुठल्या घाण्यानंतर तेल काढायचं, ते.

मग टिकाऊपणा. ‘तीन महिने टिकतो’ हे शेजारच्या ब्रँडचं पाकीट पाहून लिहायचं नसतं. एकाच बॅचची पाकिटं बाजूला ठेव, दर आठवड्याला एक फोड, चव आणि कुरकुरीतपणा नोंदव. सुरुवातीची आणि शेवटची पाकिटं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत देऊन ओलावा, आणि तेल किती खवट झालं ते सांगणारे फ्री फॅटी अ‍ॅसिड आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू हे आकडे काढून घे. पोषणमूल्यांचा तक्ताही तिथूनच घे. नाशिकचा मे कोरडा, जुलै दमट. पावसाळ्यातला निकाल हाती नसताना तारीख लांबवू नकोस. आणि तळलेले पोहे रद्दीवर पसरून तेल टिपणं आजच बंद कर. छापील कागदाची शाई अन्नात उतरते, तिथे नियमाला पळवाट नाही.

लेबलवर बहुतेक जण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी लिहितात आणि हिंग विसरतात. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लूटेन आलं. डबीवरचे घटक वाच आणि तसं छाप. तुझ्या नमुन्यात मोठ्या अक्षरांत ‘घरगुती’ आहे, ते काढ. ग्राहकाची दिशाभूल होईल असा ‘होममेड’सारखा शब्द जाहिरातीच्या नियमांत बसत नाही, आणि गाळ्यात बनलेल्या मालाला तो लावणं मलाही पटत नाही. एमआरपीसोबत प्रति ग्रॅम दर, बॅच नंबर, तक्रारीसाठी फोन हवाच. बारकोड जीएस1 इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडूनच घे, तो 890 ने सुरू होतो. इंटरनेटवर स्वस्तात विकले जाणारे नंबर मोठी दुकानं नाकारू शकतात.

बॅच नंबर खरा हवा. फळीवरचं कुठलंही पाकीट उचललं तर पोह्यांचं पोतं कुठल्या व्यापाऱ्याचं, तेलाचा डबा कुठला, त्या दिवशी तळायला कोण होतं, हे वहीतून निघालं पाहिजे. महिन्यातून एकदा स्वतःच एक पाकीट उचल आणि माग काढून पाहा. माल परत बोलवायची वेळ आली तर ती एक बॅच परत येईल, सगळा धंदा नाही.

पैशाचंही बोलून घे. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असा 2006 चा कायदा आहे, करारात त्याहून लांबची मुदत टिकत नाही. तारीख उलटलेला माल कोणाच्या माथी, हेही सहीआधी विचार.

पाकिटाच्या छपाईचे सिलिंडर लगेच करू नकोस. पहिला माल साध्या पाऊचवर स्टिकर लावून पाठव. लेबलचा मजकूर आणि हिंगाच्या डबीचा फोटो मला आधी पाठव, म्हणजे छापायच्या अगोदर ओळ न् ओळ तपासून देतो.

तुझा,
काका