तक्त्यात निळा, रेडिओत मुका

हौशी रेडिओ उपग्रहांबद्दल या वेळी आलेले बरेचसे प्रश्न 'ॲमसॅट' या हौशी उपग्रह संघटनेच्या स्थिती-तक्त्यावरून आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा तक्ता कोणतंही यंत्र भरत नाही. जगभरचे हॅम (हौशी रेडिओवाले) आपापला पास (उपग्रह आपल्या आकाशातून जातो तो काळ) संपल्यावर काय ऐकू आलं ते नोंदवतात आणि त्यावरून चौकट रंगते. जाऊन-येऊन संदेश गेला तर निळा, नुसता बीकन (ओळखीचा सिग्नल) किंवा टेलिमेट्री (उपग्रहाच्या स्थितीची माहिती) ऐकू आली तर पिवळा, काहीच नाही तर लाल. दोघांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर नारिंगी.

प्रश्न: एसओ-५० समोर सलग निळ्या चौकटी दिसतात. मी हँडी (हातातला रेडिओ सेट) घेऊन तीन संध्याकाळी गच्चीवर उभा राहिलो, एक शब्द ऐकू आला नाही. उपग्रह बंद आहे की माझा सेट? (सांगली)

बहुधा दोन्ही ठीक आहेत. एसओ-५० हा एफएम रिपीटर आहे, म्हणजे आलेला आवाज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारा. योग्य टोनसह (आवाजासोबत जाणारा ठरावीक खालचा सूर) कोणी बोललं तरच त्याचा ट्रान्समीटर उठतो, एरवी डाउनलिंकवर (उपग्रहाकडून खाली येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर) साधा कॅरियरही (आवाजाविना सिग्नल) नसतो. युरोप, अमेरिका किंवा जपानवरून जाताना त्यावर झुंबड असते. आपल्याकडच्या पासला कोणीच बोलत नसेल तर तुम्हाला शांतताच मिळणार. तक्त्यातली ती निळी चौकट बहुधा टेक्सास किंवा स्पेनमधल्या कोणाची असते, सांगलीवरच्या पासची नाही.

त्यात आणखी एक कुलूप आहे. रिपीटर १० मिनिटांच्या टायमरवर चालतो. टायमर संपला की ६७.० हर्ट्झच्या टोनला तो दाद देत नाही. आधी १४५.८५० मेगाहर्ट्झवर ७४.४ हर्ट्झचा टोन लावून दोनेक सेकंद कॅरियर द्यायचा, मग ६७.० वर येऊन बोलायचं. हा उठवण्याचा टोन मेमरीत वेगळ्या चॅनेलवर ठेवा. पास चालू असताना मेनूत टोन शोधत बसलात तर १०-१२ मिनिटं तिथेच जातात. आधीच कोणी बोलत असेल तर मात्र ७४.४ ला हात लावू नका, टायमर चालूच आहे.

ऐकण्याची बाजू: नाममात्र डाउनलिंक ४३६.७९५, पण उपग्रह जवळ येताना डॉपलरमुळे (वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते त्यामुळे) तो सुमारे १० किलोहर्ट्झ वर दिसतो आणि दूर जाताना तितकाच खाली. म्हणून पाच मेमरी भरा: ४३६.८०५, .८००, .७९५, .७९०, .७८५. पाचही ठिकाणी ट्रान्समिट १४५.८५० च, कारण व्हीएचएफवरचा (१४५ च्या आसपासच्या पट्ट्यातला) ३ किलोहर्ट्झचा फरक एफएमला चालून जातो. क्षितिजावर पहिल्या मेमरीपासून सुरुवात करा. आवाज फाटायला लागला की पुढची. मधल्या तीन मेमरी पासच्या मध्यावर भराभर बदलाव्या लागतात, टोकांना निवांतपणा असतो. .७९५ लावून पूर्ण पास ऐकत बसणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे.

स्क्वेल्च (कमकुवत सिग्नल दाबून टाकणारी मर्यादा) पूर्ण उघडा. उपग्रहाची ताकद पाव वॉटच्या आसपास, स्क्वेल्च बंद असेल तर तो त्याच्या खालीच राहील. सेटसोबत आलेली रबरी कांडी काढून ठेवा आणि हातात धरायची यागी (एका दिशेची अँटेना) घ्या. लोखंडी मोजपट्टी आणि पीव्हीसी पाइपाची घरी केलेलीही चालते. ती उपग्रहाकडे धरून मनगट सावकाश फिरवत राहा. उपग्रह गडगडत फिरत असतो, त्याचं ध्रुवण (लहरींची उभी-आडवी दिशा) बदलतं आणि पाव वळण दिल्यावर खरखरीतून आवाज वर येतो.

स्वतःचा आवाज परत ऐकायला दोन सेट वापरत असाल तर एक चाचणी घरीच करा. यूएचएफच्या (४३५ च्या आसपास ऐकणाऱ्या) सेटचा स्क्वेल्च उघडून खरखर ऐका आणि दुसऱ्या सेटवर १४५.८५० चं पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबा. खरखर दबली किंवा एकदम गुळगुळीत झाली तर तुमचाच ट्रान्समीटर रिसीव्हरला बहिरा करतोय. १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५० होते, म्हणजे डाउनलिंकच्या अगदी शेजारी. स्वस्त सेटमध्ये हा त्रास हमखास. ऐकणाऱ्या सेटच्या अँटेनाला डायप्लेक्सर (दोन पट्टे वेगळे करणारा फिल्टर) लावा आणि दोन सेटमधलं अंतर वाढवा.

प्रश्न: एओ-७ ची बॅटरी मेली आहे असं सगळीकडे लिहिलंय, तरी तो तक्त्यात जिवंत दिसतो. बॅटरीशिवाय उपग्रह चालतो कसा? (नागपूर)

ऊन पडलं की चालतो. एओ-७ हा १५ नोव्हेंबर १९७४ ला सोडलेला. १९८१ च्या मध्यात त्याची निकेल-कॅडमियम बॅटरी शॉर्ट झाली. सौर पॅनेलची सगळी वीज त्या शॉर्टमध्ये जिरायला लागली आणि उपग्रह गप्प झाला. २१ जून २००२ ला तो अचानक पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेला सेल कालांतराने उघडा पडला, सर्किटमधून बाहेर गेला आणि पॅनेलची वीज थेट ट्रान्समीटरला मिळू लागली. बिघाडानेच बिघाड दुरुस्त केल्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं आठवत नाही.

साठवण शून्य असल्यामुळे पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो तत्क्षणी बंद. बाहेर आला की नव्याने सुरू होतो, आणि कोणत्या मोडमध्ये (ए किंवा बी, दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी-जोड्या) उठेल याचा नेम नाही. ज्या दिवसांत त्याच्या कक्षेला सावली लागतच नाही, त्या काळात आतला २४ तासांचा टायमर ए आणि बी मोड आलटून-पालटून लावतो. त्यामुळे 'एओ-७ चालू आहे का' हा प्रश्न अर्धाच आहे. आत्ता उन्हात आहे का आणि कोणत्या मोडमध्ये आहे, हे दोन्ही विचारावं लागतं. पहिल्याचं उत्तर ट्रॅकिंग सॉफ्टवेअर देतं. दुसऱ्यासाठी तक्त्यात ए आणि बीच्या वेगळ्या ओळी असतात, तिथे गेल्या काही तासांतल्या नोंदी पाहा.

बी मोडमध्ये डाउनलिंक १४५.९२५ ते १४५.९७५ यूएसबीवर (अपर साइडबँड, बोलण्याचा एक प्रकार), ए मोडमध्ये २९.४०० ते २९.५०० वर. साध्या एफएम हँडीवर यातलं काहीही कळणार नाही. साइडबँड घेणारा सेट हवा किंवा आरटीएल-एसडीआरची डाँगल (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर). बी मोडसाठी ती आणि एक व्हीएचएफ यागी पुरते. उपग्रह १,४५० किलोमीटरवर असल्यामुळे डोक्यावरचा पास वीसेक मिनिटं मिळतो.

बोलायचं असेल तर आधी आपल्या परवान्यात कोणता पट्टा आहे ते तपासा. बी मोडचा अपलिंक (उपग्रहाकडे पाठवायची फ्रिक्वेन्सी) ४३२.१२५ ते ४३२.१७५ आहे आणि आपल्याकडे हौशींना यूएचएफचा पट्टा ४३४ ते ४३८ मिळतो. म्हणजे भारतातून बी मोड फक्त ऐकायचा. ए मोडचा अपलिंक १४५.८५० ते १४५.९५०, तो आपल्या पट्ट्यात बसतो. ताकद मात्र कमी ठेवा. बॅटरी नसल्याने एकाने जोर लावला की उपग्रहाचा व्होल्टेज खाली बसतो आणि सगळ्यांचेच आवाज थरथरू लागतात. तो थरथराट ऐकू आला की आपली पॉवर कमी करायची. समोरच्याने करावी म्हणून वाट पाहत बसू नका.

प्रश्न: आपला 'हॅमसॅट' ॲपमध्ये रोज पास दाखवतो. तो पुन्हा सुरू झालाय का? (डोंबिवली)

नाही. हॅमसॅट म्हणजे व्हीओ-५२, ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ मधून कार्टोसॅट-१ सोबत गेला. जुलै २०१४ मध्ये त्याच्या लिथियम-आयन बॅटरीने दगा दिला आणि काम संपलं. धातूचा तो डबा अजून फिरतोय म्हणून ॲप पास दाखवतं. ॲपला कक्षा कळते, तब्येत कळत नाही.

प्रश्न: अंतराळ स्थानकाचा रिपीटर कधी लागतो, कधी आठवडाभर गायब. वेळापत्रक असतं का? (पणजी)

ठरीव वेळापत्रक नाही, कारणं मात्र ठरलेली आहेत. कोलंबस विभागातला सेट सप्टेंबर २०२० पासून रिपीटर म्हणून वापरात आहे: अपलिंक १४५.९९० टोन ६७.० सह, डाउनलिंक ४३७.८००. हाच सेट कधी पॅकेट (डिजिटल संदेशांच्या) मोडवर १४५.८२५ ला टाकतात, कधी शाळांशी संवादासाठी वापरतात. अंतराळवीर बाहेर पडणार असतील किंवा यान जोडलं जाणार असेल तर खबरदारी म्हणून बंद ठेवतात. ४३७.८०० गप्प असेल तर रिसीव्हर १४५.८२५ वर नेऊन पाहा. तिथे पॅकेटची कर्कश घरघर ऐकू आली तर बहुधा मोड बदललाय.

प्रश्न: पुण्यातून क्यूओ-१०० नुसता ऐकायचाय. डीटीएचची जुनी डिश चालेल का? (पुणे)

६० सेंटिमीटरची डिश पुरते. क्यूओ-१०० हा एस'हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर बसलेला आहे, २५.९ अंश पूर्वेला. त्यामुळे पासचा, डॉपलरचा प्रश्न नाही. पुण्याहून दिशा सुमारे २५४ अंश, म्हणजे पश्चिमेच्या जरा दक्षिणेला, आणि उंची ३२ अंशांच्या आसपास. पश्चिमेला इमारत असेल तर विषय संपला. एलएनबीवर (डिशच्या तोंडाशी असलेला डबा) ९७५० छापलेलं आहे का पाहा. नॅरोबँडचा १०,४८९.७५० मेगाहर्ट्झचा सिग्नल मग ७३९.७५० वर मिळतो, तो एसडीआर डाँगल घेते. ध्रुवण उभं हवं, म्हणून १३ व्होल्ट द्या. डाँगलकडे जाणाऱ्या तारेत डीसी अडवणारा भाग लावायला विसरू नका, नाहीतर तेच १३ व्होल्ट डाँगलमध्ये शिरतील. एलएनबी पीएलएलवाला (फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा) घ्या, जुना असेल तर तापमानाप्रमाणे सरकत राहतो आणि साइडबँडचा आवाज हातात राहत नाही.

प्रश्न: तक्त्यात मीही नोंद करू शकतो का? परवान्याची परीक्षा अजून द्यायची आहे. (कोल्हापूर)

ऐकणाऱ्याची नोंदही उपयोगाची आहे, आपल्या भागातून तर जास्तच. वेळ यूटीसीत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे ४:४० चा पास आदल्या तारखेच्या २३:१० ला जातो, तारीख तिथेच चुकते. ग्रिड (नकाशावरच्या जागेचा कोड) विचारला तर कोल्हापूर एमके७६, पुणे एमके६८, नागपूर एमएल९१.

'काही ऐकलं नाही' ही नोंद जपून करा. पास निदान २० अंश उंचीचा होता का, कक्षेची आकडेवारी ताजी होती का, त्याच दिवशी त्याच अँटेनावर दुसरा एखादा उपग्रह ऐकू आला का? तिन्हींना होकार असेल तरच लाल. एसओ-५० सारख्या रिपीटरसाठी तर कोणीतरी टोन देऊन त्याला हाक मारलेली असली पाहिजे. तशी हाक गेली होती का हे ठाऊक नसेल तर चौकट रिकामी सोडलेली बरी.