छातीतले दोन काळे मनुके

प्रश्न : मी 71 वर्षांचा असून वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. 40 वर्षे बिडी ओढली, 3 वर्षांपूर्वी सोडली. सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे) निदान झाले आहे. नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी मला माझी फुफ्फुसे काढायला सांगितली, तेव्हा मी गळ्याखाली दोन काळे मनुके काढले आणि बाकीची छाती रिकामी ठेवली. डॉक्टर मात्र म्हणतात की छातीत हवा अडकून राहते. सुरसागर तलावाला अर्धी फेरी मारतानाही मला हवा पुरत नाही, मग ती अडकते कुठे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : चित्रातला काळा रंग बहुधा एक्स-रेवरून आला असावा. त्या फिल्मवर हाडे पांढरी आणि हवा काळी उमटते, त्यामुळे निरोगी माणसाची फुफ्फुसेही तेथे काळीच दिसतात. बिडीची काजळी फुफ्फुसांत साचते हे खरे, परंतु धाप लागते ती त्या रंगामुळे नव्हे. मनुक्यांचा आकार मात्र आरशाने सुचवला असावा. या आजारात पुष्कळांचे दंड बारीक होतात, गळ्याच्या हाडांमागे खळगे पडतात, आणि बाहेरून सुकलेला माणूस आतूनही सुकला असणार असे कोणालाही वाटेल.

आत घडते ते उलटे. फुफ्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांच्या लवचीक भिंती बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. धुराने त्या भिंती विरल्या की नलिका नेमक्या श्वास सोडताना मिटू लागतात, आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, आणि चालताना श्वासाची घाई वाढली की मागची शिल्लकही वाढत जाते. छाती पिंपासारखी फुगते आणि तिच्या तळाचे घुमटाकार श्वासपटल थाळीसारखे सपाट होते. तेव्हा नातीच्या कागदावर फुफ्फुसे पार खालच्या बरगड्यांपर्यंत उतरवा. घरातल्या एखाद्या निरोगी माणसाला पूर्ण श्वास घेऊन त्यातला थोडासाच सोडायला आणि तेथूनच पुढचे 3-4 श्वास घ्यायला सांगा, म्हणजे तुमची घुसमट त्याला कळेल. (तुम्ही हा प्रयोग करू नका, तुमचा तो दिवसभर चाललेलाच असतो.)

छाती रिकामी आहे असे मनात धरले की धाप लागताच माणूस आणखी हवा ओढू पाहतो, म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओततो. त्याऐवजी तलावाकाठी बसा, थोडे पुढे वाकून हात मांड्यांवर टेका, नाकाने श्वास घ्या आणि बशीतला चहा फुंकताना करतो तसे ओठ करून, जोर न लावता, घेण्याच्या दुप्पट वेळात सोडा. ओठांशी अडथळा झाल्याने नलिकांत दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. विरलेल्या भिंती औषधाच्या पंपाने (इन्हेलरने) परत येत नाहीत, पण नलिका रुंदावतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप ‘आता काय उपयोग’ म्हणून कपाटात ठेवू नये.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. फुगलेल्या छातीचा भार पोटावर येतो आणि चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, म्हणून दोन भरल्या ताटांऐवजी दिवसातून 5-6 वेळा थोडे थोडे खावे. वजन घटतच राहिले किंवा घोटे सुजू लागले, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.