नेपल्स एका दिवसात उरकू नका

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही चौघं इटलीला जातोय, सासूबाई पण आहेत. त्यांना मांस-मासे तर नाहीच, अंडंही चालत नाही. रोमहून सकाळी निघून नेपल्स आणि पॉम्पेई दोन्ही बघून रात्री परत, असा प्लॅन केलाय. एक दिवस पुरेल ना? आणि सासूबाईंच्या खाण्याचं काय?

उत्तर: खाण्याचं आधी सांगते, कारण त्याची अजिबात काळजी नको. इटलीत शुद्ध शाकाहारी माणसाला पोटभर आणि आनंदाने जेवता येईल असं एक शहर निवडायला सांगितलंत तर मी नेपल्सच म्हणेन. पिझ्झा मरिनारा घ्या, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह ऑइल एवढंच असतं, चीजसुद्धा नाही, आणि पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, बास. चारशेच्या वर डिग्री तापलेल्या लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत होतो, कडा फुगून काळे ठिपके पडतात आणि मध्यभाग इतका मऊ की हातात धरला तर टोक खाली लोंबतं. ते कच्चं राहिलंय असं समजून परत पाठवू नका हं, तो तसाच असतो. २०१७ साली युनेस्कोने तिथल्या पिझ्झावाल्यांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते उगीच नाही. व्हिया देई त्रिबुनाली नावाच्या गल्लीत एकाला एक लागून पिझ्झेरिया आहेत, प्रसिद्ध दुकानासमोर तास-दीड तास ताटकळण्यापेक्षा शेजारच्यात जा, खरंच फार फरक पडत नाही. घडी घालून हातात देतात तो पिझ्झा आ पोर्ताफोल्यो तर चालता चालता खायचा, दोन-तीन युरोत काम होतं.

पास्त्याचंही सोपं आहे. दक्षिणेकडचा वाळवलेला पास्ता नुसता रवा आणि पाण्याचा असतो, अंडं नसतं, जवळच्याच ग्रान्यानो गावाचा तर प्रसिद्धच आहे. स्पगेत्ती अल पोमोदोरो म्हणजे साधा टोमॅटोचा सॉस, वर बेसिल, ती मागवा आणि बघा सासूबाई काय म्हणतात! फ्रियारिएल्ली नावाची किंचित कडसर पालेभाजी लसूण-मिरचीवर परततात, ती साइड डिश म्हणून नक्की घ्या, मला तिथली ही भाजी पिझ्झ्याइतकीच आवडते.

आता जिथे लक्ष ठेवायचं ते. तिथल्या पारंपरिक स्वयंपाकात डुकराची चरबी बरीच वापरतात आणि ती दिसत नाही. मिरीवाले ताराल्ली ही खुसखुशीत कडी असतात, त्यात ती असतेच. स्फोल्यातेल्ला या पापुद्र्यांच्या गोड पदार्थातही बहुतेक ठिकाणी असते, शिवाय आत अंडं. पित्सा फ्रित्ता म्हणजे तळलेला पिझ्झा, त्याच्या सारणात पोर्कचे तुकडे घालायची पद्धत आहे. वांग्याच्या पार्मिजानात काही जण काप अंड्यात बुडवून तळतात. म्हणून ऑर्डर देतानाच ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा, सेन्त्सा स्त्रुत्तो’ म्हणायचं, म्हणजे मांस, मासे, अंडी, चरबी काही नको, आणि कागदावर लिहून नेलंत तर अजून बरं. चीजमध्ये रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) चालत नसेल तर मोझरेल्ला-पार्मेझानही सोडावं लागेल, मग मरिनारा आहेच.

एक दिवसाचं मात्र मला पटत नाही. फास्ट ट्रेनने रोमहून सव्वा तासात पोचता हे खरं, पण पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांत उन्हात चार-पाच तास चालून आल्यावर नेपल्ससाठी उरतं काय, स्टेशन आणि थकलेले पाय, आणि मग लोक घरी जाऊन सांगतात की गलिच्छ आणि गजबजलेलं शहर आहे, बघण्यासारखं काही नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. रोममधल्या तीन रात्री कमी करा आणि नेपल्सला द्या. स्पाक्कानापोली या सरळ लांबलचक गल्लीतून सकाळी फिरा, सान्सेव्हेरो चॅपलमध्ये सानमार्तीनो या शिल्पकाराने १७५३ साली घडवलेला ख्रिस्ताचा पुतळा बघा, अंगावरचं वस्त्र संगमरवराचं आहे यावर विश्वास बसत नाही, तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा. संध्याकाळी फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, व्होमेरोच्या टेकडीवर जा, सासूबाईंना चढ चढावा लागत नाही आणि वरून सगळं शहर, समुद्र, व्हेसुव्हियस ज्वालामुखी एकदम दिसतो.

हे चॅपल आणि आर्किऑलॉजिकल म्युझियम दोन्ही मंगळवारी बंद असतात, तेव्हा पॉम्पेई मंगळवारी ठेवा. तिथे आता दिवसाला २०,००० लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. सर्कमव्हेसुव्हियाना लोकलने साधारण ३५-४० मिनिटं लागतात, गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात.

प्रश्न: नेपल्समध्ये कॉफी कुठे प्यावी?

उत्तर: कुठल्याही गल्लीतल्या बारमध्ये (तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात), काउंटरला उभं राहून. सोबत पाण्याचा छोटा ग्लास देतात, ते पाणी कॉफीच्या आधी प्यायचं म्हणजे तोंड स्वच्छ होऊन चव नीट लागते. कप चांगलाच तापलेला असतो, ओठ जपा. टेबलवर बसलात की बऱ्याच ठिकाणी बिल वाढतं. आणि जमलं तर दोन कॉफींचे पैसे देऊन एकच प्या, दुसरी ‘सोस्पेसो’ म्हणून ठेवायला सांगा, ज्याच्याकडे पैसे नाहीत असा कोणी नंतर येऊन ती पिऊन जातो. शहराची ही जुनी पद्धत आहे आणि मला ती फार प्रिय आहे.